वजनदार नातवंडे आणि मोटारीतील पट्ट्यांची खुर्ची

दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईहून नांदेड-लातूरकडे येणाऱ्या मोटारींची संख्या एकदम वाढते. लेक-जावई येतात, मुलगा-सून येतात, आणि पुढचे पंधरा दिवस घरातील मोटार तुळजापूर, माहूर, नांदेडचा गुरुद्वारा, कुठे लग्न तर कुठे बारसे अशी सतत धावत असते. या सगळ्या प्रवासांत सर्वांत लहान प्रवासी कोठे बसतो? बहुधा आजीच्या मांडीवर. थोडा मोठा असेल तर पुढच्या दोन आसनांच्या मधल्या फटीत उभा. गेल्या काही वर्षांत मात्र सुशिक्षित तरुण पालक मुलांसाठी वेगळी खुर्ची घेऊन येऊ लागले आहेत. तिला कोणी ‘कार सीट’ म्हणतात, कोणी ‘बेबी सीट’. ही खुर्ची मोटारीच्या मागच्या आसनावर घट्ट बसवायची असते आणि मुलाला तिच्यातील स्वतंत्र पट्ट्यांनी बांधायचे असते.

ही खुर्ची पाहून दवाखान्यात येणारे आजी-आजोबा मला जे प्रश्न विचारतात, त्यांतील एक अलीकडे वारंवार कानी येतो. नातू चार वर्षांचा, वजन वीस किलो. खुर्चीवर लिहिले आहे अठरा किलोपर्यंत. आता काय करायचे? खुर्ची काढून टाकून त्याला मोठ्या माणसांसारखा मोटारीचा पट्टा लावायचा का? प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र मुलाच्या हाडांत दडलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मांडीचा विचार करू, कारण आपल्याकडे खुर्चीची खरी स्पर्धक मांडीच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एखाद्या झाडावर अथवा उभ्या ट्रॉलीवर आदळली, तर आतील माणसाच्या दृष्टीने तो आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका असतो. वीस किलोच्या मुलाचा हा वेग एका सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आणायचा, तर त्याला मागे धरून ठेवण्यासाठी सरासरी २८० किलोच्या भाराइतकी ताकद लागते. लातूरच्या आडत बाजारातील जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन दोन हातांनी अचानक पेलून धरण्यासारखेच हे आहे. कोणत्याही आजीच्या प्रेमात कमतरता नाही. पण स्नायूंना मर्यादा आहे. शिवाय आजीने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिच्या शरीराचा भारही पुढे बसलेल्या त्या लेकरावरच पडतो.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या पाठपुराव्यामुळे त्या राज्याने मुलांच्या सुरक्षा-खुर्चीचा कायदा केला. १ जानेवारी १९७८ पासून तो अमलात आला आणि अमेरिकेतील तसा तो पहिलाच कायदा. परंतु विधिमंडळाने त्यात एक पळवाट ठेवली : मोठ्या माणसाने मूल हातात धरले असेल तर खुर्चीची सक्ती नाही. ही पळवाट बंद करण्यासाठी सँडर्स यांना पुन्हा झगडावे लागले आणि १९८१ साली ती काढून टाकण्यात आली. तेव्हा मांडीचा मोह केवळ मराठवाड्याचा नाही.

आपल्या कायद्याची स्थिती काय? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा-पट्टा अथवा मुलांसाठीची बंधनव्यवस्था न लावता वाहन चालविल्यास एक हजार रुपये दंड आहे. या वाक्यातील ‘अथवा’ हा शब्द मला डॉक्टर म्हणून खटकतो. कायद्याच्या दृष्टीने चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला की काम झाले. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते झालेले नसते.

मोठ्यांचा पट्टा मुलाला का चालत नाही

मोटारीचा तीन बिंदूंचा पट्टा, जो व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली दिला, तो प्रौढ सांगाड्यावर बेतलेला आहे. त्याची खालची पट्टी कमरेच्या हाडांच्या पुढच्या कंगोऱ्यांवर टेकते आणि वरची पट्टी गळपट्टीच्या हाडावरून व छातीवरून जाते. आघाताचा भार शरीरातील मजबूत हाडांनी घ्यावा, अशी ती योजना आहे.

लहान मुलाच्या कमरेचे हे कंगोरे पुरेसे उभारलेले नसतात. त्यांना नीट आकार येण्यास दहाव्या वर्षाच्या आसपासचा काळ जावा लागतो. म्हणून आघाताच्या क्षणी खालची पट्टी हाडावरून निसटून पोटावर चढते. मुलाचे कूल्हे पट्ट्याखालून पुढे घसरतात आणि शरीर पोटाशी दुमडते. त्यातून आतडे फाटणे, मूत्राशयास अथवा यकृतास इजा होणे, पाठीच्या कमरेकडील मणक्याचे हाड आडवे तुटणे अशा जखमा होतात. पोटावर पट्ट्याचा आडवा निळसर वळ दिसला, तर मूल वरून कितीही शांत दिसत असले तरी त्याला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, असे आम्हांला शिकविलेले असते. आतड्याच्या इजेची लक्षणे कधी कधी काही तासांनी उमटतात. दुसरी अडचण वरच्या पट्टीची. ती मुलाच्या मानेशी घासते, मूल ती काखेखाली अथवा पाठीमागे सारते, आणि मग छातीला आधारच उरत नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक, हे तर आपण सारे जाणतोच.

याउलट हार्नेस, म्हणजे खुर्चीतील पाच टोकांचा पट्टा, दोन खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि जांघांमधून येणारी एक पट्टी अशा पाच ठिकाणी मुलाला धरतो. जांघेतील पट्टीमुळे कमरेची पट्टी पोटावर चढू शकत नाही. भार अनेक ठिकाणी विभागला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे, मोटारीत योग्य खुर्ची वापरल्याने तान्ह्या बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. इतका लाभ देणारी औषधे आमच्या कपाटात फारशी नाहीत.

अठरा किलोचा उंबरठा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाजारातील बहुतेक खुर्च्या युरोपीय आर-४४ या नियमावर आधारलेल्या गटांप्रमाणे विकल्या जातात. आपले भारतीय मानक एआयएस-०७२ हेही त्याच धर्तीचे आहे. नऊ ते अठरा किलो हा पहिला गट, पंधरा ते पंचवीस हा दुसरा, बावीस ते छत्तीस हा तिसरा. पहिल्या गटात मुलाला खुर्चीच्या स्वतःच्या पट्ट्यांनी बांधतात. त्यापुढच्या गटांत खुर्ची बहुधा केवळ उंची देणारे आसन, म्हणजे बूस्टर, बनते आणि मुलाला मोटारीचाच पट्टा लावला जातो.

सरासरी मूल अठरा किलोचे होते ते पाचव्या वर्षाच्या सुमारास. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १८.३ किलो आहे. त्याच तक्त्यात वरच्या टोकाला असलेला, म्हणजे दोन प्रमाण-विचलने वर असलेला मुलगा, तिसऱ्या वर्षीच १८ किलो ओलांडतो. येथे पेच पडतो. हा मुलगा वजनाने बूस्टरला पात्र ठरला. परंतु त्याची हाडे, त्याची उंची आणि मुख्य म्हणजे त्याची वृत्ती तीन वर्षांचीच आहे. बूस्टरवर बसायचे तर तास-दीड तास सरळ बसावे लागते, खिडकीकडे झुकायचे नाही, पट्टा काखेखाली घ्यायचा नाही, झोपेत आडवे कलंडायचे नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा कोण करील? लातूरहून अहमदपूर येईपर्यंत ते तीनदा वळलेले असते.

अशा मुलांसाठी अधिक वजन पेलणारा हार्नेस असलेली, पुढे तोंड करून बसविण्याची खुर्ची हा योग्य मार्ग आहे. काही खुर्च्यांत पट्टे पंचवीस किलोपर्यंत चालतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक खुर्च्यांत ही मर्यादा ६५ पौंड, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस किलो असते. युरोपच्या आर-१२९ या नव्या नियमातील खुर्च्या मुख्यतः उंचीवर मोजल्या जातात, त्यांच्या पट्टीवर सेंटिमीटर लिहिलेले असतात.

खरेदीच्या वेळी एक फसगत हमखास होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘९ ते ३६ किलो’ असे छापलेले असते आणि आजोबांना वाटते, बारा वर्षांपर्यंतची चिंता मिटली. प्रत्यक्षात अशा बहुतांश खुर्च्यांत हार्नेस अठरा किलोपर्यंतच वापरायचा असतो. त्यानंतर ते पट्टे काढून मोटारीचा पट्टा लावायचा असतो. तेव्हा दुकानदाराला ‘खुर्ची किती किलोपर्यंत?’ असे विचारू नये. ‘हार्नेस किती किलोपर्यंत आणि किती उंचीपर्यंत?’ असे विचारावे आणि माहितीपुस्तिकेतील तो आकडा डोळ्यांनी पाहून घ्यावा. दुकानदाराला सांगता आले नाही तर रागावू नये, पुस्तिका मागावी.

वजन घरी मोजणे सोपे आहे. मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग आपले एकट्याचे वजन वजा करावे. पाच वर्षांच्या लसीकरणाच्या वेळी नोंदविलेला आकडाही उपयोगी पडतो. वजनाखेरीज दोन खुणा आहेत. खांदे पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खाचेपेक्षा उंच गेले, किंवा कानांचे वरचे टोक खुर्चीच्या पाठीच्या वर आले, तर खुर्ची लहान झाली. बुटके आणि भरलेले मूल वजनाने आधी बाहेर पडते. उंच, सडपातळ मूल उंचीने.

येथे जरा विषयांतर करतो. देशात पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.१ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ३.४ टक्के झाले. बाळसेदार नातू पाहून आजीला होणारा आनंद मला समजतो, आणि वजन वयाच्या मानाने फार असेल तर त्याविषयी बोलायला दवाखाना आहेच. परंतु वजन कमी होईपर्यंत सुरक्षिततेला थांबवून ठेवता येत नाही. मूल आज जितक्या किलोचे आहे, तितक्या किलोची खुर्ची आज हवी.

हार्नेस दीर्घकाळ लागणारी आणखी काही मुले आहेत, ज्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा सैलपणा, डाउन सिंड्रोम, आवरात न येणारे झटके, अथवा अति चंचल स्वभाव असलेले सात-आठ वर्षांचे पंचवीस किलोचे मूल धड सांभाळून बूस्टरवर बसू शकत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपीसाठी अशा मुलांना दर आठवड्याला आणणारी कुटुंबे असतात. त्यांच्या दृष्टीने अधिक वजनाचा हार्नेस ही चैन नाही. मुलाला मानेचा व धडाचा आधार किती लागतो हे फिजिओथेरपिस्टला विचारून मगच खुर्ची निवडावी.

आपली मोटार आणि ती खुर्ची

खुर्ची मोटारीला दोन प्रकारे जोडतात : मोटारीच्या पट्ट्याने, किंवा आसनाच्या फटीत असलेल्या आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्यांना. कड्यांची पद्धत सोपी आणि चूक होण्यास कमी वाव देणारी आहे. परंतु त्या कड्यांनाही वजनाची मर्यादा असते, आणि जड मुलांच्या बाबतीत नेमकी तीच विसरली जाते. आर-१२९ मध्ये मूल आणि खुर्ची मिळून ३३ किलो असा हिशेब आहे. खुर्ची बारा-तेरा किलोची असेल तर मुलासाठी वीस-एकवीस किलोच उरतात. त्यापुढे काय करायचे, हे पुस्तिकेत लिहिलेले असते. हार्नेसची मर्यादा अजून बाकी असेल, तर कित्येकदा खुर्ची मोटारीच्या पट्ट्याने बांधण्याची मुभा असते. दोन्ही एकाच वेळी वापरणे दुप्पट सुरक्षित, असे समजू नये. निर्मात्याने सांगितले असेल तरच तसे करावे.

खुर्चीच्या पाठीमागून वर येणारी एक तिसरी पट्टी असते, तिला टॉप टेदर म्हणतात. ती मोटारीच्या मागच्या आसनामागील अथवा डिकीतील कड्यात अडकवायची असते. पुढे तोंड असलेल्या खुर्चीत ही पट्टी फार मोलाची, कारण आघातात डोके पुढे झेपावण्याचे अंतर ती काही इंचांनी घटविते, आणि पुढच्या आसनावर डोके आपटणे किंवा न आपटणे हे त्या काही इंचांवरच ठरते. मी पाहिलेल्या खुर्च्यांपैकी बहुतेकांत ती गुंडाळी करून मागे खोचलेली असते.

जुन्या मोटारींत मागच्या मधल्या जागी, काहींत तर मागे सर्वत्रच, केवळ कमरेचा पट्टा असतो. अशा जागी बूस्टर मुळीच वापरू नये, कारण छातीला पट्टी नाही. हार्नेसची खुर्ची मात्र कमरेच्या पट्ट्यानेही बांधता येते, पुस्तिकेत तशी परवानगी असेल तर. जुनी मोटार असलेल्या कुटुंबाने वजनदार मुलासाठी जास्त मर्यादेचा हार्नेस पाहण्याचे हेही एक कारण. बोलेरोसारख्या वाहनांत मागे समोरासमोर आडवे बाक असतात. त्यांवर कोणतीही खुर्ची बसवू नये. काळीपिवळीत आणि रिक्षात तर पट्टेच नसतात, तेथे निदान मुलाला पुढे चालकाशेजारी बसवू नये, एवढेच सांगता येते.

मुलगा अमेरिकेत असेल आणि तिकडची खुर्ची घेऊन आला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिकडच्या मोटारींचे पट्टे पूर्ण ओढले की अडकून राहतात; आपल्या मोटारींचे बहुतेक पट्टे केवळ झटका बसल्यावर अडकतात. त्यामुळे खुर्ची आवळलेली राहत नाही. तिच्यासोबत येणारी लोखंडी क्लिप किंवा खुर्चीतीलच पट्टा-कुलूप वापरावे लागते.

बसविताना गुडघा खुर्चीत रोवून, आपला भार टाकून पट्टा ओढावा. नंतर पट्टा जेथून जातो तेथे खुर्ची धरून हलवून पाहावी. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून यावेत. बक्कल लावल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. हिवाळ्यात जाड स्वेटर आणि शालीवरून पट्टा बांधू नये. आधी बांधावे, मग वरून शाल पांघरावी. वापरलेली खुर्ची नात्यात फिरते, त्यास हरकत नाही. मात्र ती अपघातातून गेलेली नसावी आणि तळाशी छापलेली मुदत संपलेली नसावी.

आता थोडे आजी-आजोबांच्या हातांविषयी. या खुर्च्यांची बक्कले मुद्दाम कठीण केलेली असतात, मुलाने स्वतः उघडू नयेत म्हणून. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीला ती दाबणे खरोखर जड जाते. खरेदीच्या वेळी आजीला दुकानात नेऊन तिच्याकडून बक्कल उघडवून पाहावे. जे तिला उघडत नाही ते घेऊ नये. तसेच वीस किलोच्या नातवाला उचलून, कमरेत वाकून खुर्चीत ठेवणे हाडे ठिसूळ झालेल्या माणसाने टाळावे. दारापाशी छोटा पाट ठेवावा, मुलाला स्वतः चढू द्यावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे काम आपले वाटते आणि रडणेही कमी होते.

रडण्याचा प्रश्न खरा आहे. नांदेड ते लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरचा अडीच-तीन तासांचा प्रवास आहे, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे तो आणखी लांबतो. त्यांतील अनेकांना मागे दिवे नसतात. मूल रडू लागले की कोणीतरी म्हणते, सोडा हो पट्टा थोडा वेळ. त्याऐवजी लोह्याला किंवा अहमदपूरला दहा मिनिटे थांबावे, मुलाला उतरवून चालवावे, पाणी द्यावे, आणि पुन्हा बांधून निघावे. मोठ्यांनी स्वतःचे पट्टे लावलेले असले की मुलांचा विरोध पुष्कळ मावळतो, हा माझा अनुभव आहे. मागे बसणाऱ्याने पट्टा कशाला लावायचा, असे म्हणणाऱ्यांना ३ जून २०१४ आठवत असेल. गोपीनाथ मुंडे त्या दिवशी दिल्लीत मोटारीच्या मागच्या आसनावर होते. मागचा पट्टा शोभेचा आहे या गैरसमजाविषयी तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन तेव्हा जाहीरपणे बोलले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या अपघातातही मागे बसलेले दोघे दगावले आणि पुढचे दोघे वाचले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

मुलाला पुढे तोंड करून केव्हा बसवावे, याविषयीही विचारणा होते. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ साली दोन वर्षे ही वयाची अट काढून टाकली आणि खुर्चीची मर्यादा असेपर्यंत मुलाला मागे तोंड करूनच बसवावे, असे सुचविले. म्हणून वजनदार बाळाच्या पहिल्या खुर्चीची निवड करतानाच, जी मागे तोंड करून तेराऐवजी अठरा किलोपर्यंत चालते, ती मिळाल्यास घ्यावी. मागे तोंड असलेली खुर्ची एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर मात्र कधीही ठेवू नये. बूस्टरवरून मोठ्यांच्या पट्ट्याकडे जायचे ते उंची साधारण १४५ सेंटिमीटर झाल्यावर.

ज्यांच्याकडे मोटार नाही आणि नातू दुचाकीवरच फिरतो, त्यांच्यासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा-हार्नेस आणि हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा हार्नेस तीस किलोपर्यंतचे वजन पेलणारा असावा, असे नियमात आहे. त्यामुळे वजनदार मुलांची येथे अडचण नाही.

आणि मराठवाड्याचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत बंद मोटारीत खुर्चीच्या बक्कलाचे धातू इतके तापते की मांडीला चटका बसून फोड येतो. मोटार सावलीत लावावी, खुर्चीवर पांढरे सुती धोतर अथवा जुनी चादर टाकून ठेवावी, आणि मुलाला बसविण्यापूर्वी बक्कल आपल्या हाताला लावून पाहावे. बांधलेल्या मुलाला ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मोटारीत ठेवून दुकानात जाऊ नये. काचा थोड्या उघड्या ठेवूनही आतील हवा झपाट्याने तापते.